कैथीच्या अलीकडे इन्व्हर्टर बंद पडला

गोमती जिथे संपते ती जागा बाबांना बघायची होती. आम्ही निघालो ते तेवढ्यासाठीच.

बाबा मूळचे मिरजेचे. रेल्वेत इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते आणि नोकरीची शेवटची वर्षं लखनौत काढून इथेच स्थिरावले. आई गेल्यावर ते इंदिरा नगरला आमच्याकडे राहायला आले. मी इथल्या एका संशोधन संस्थेत काम करते, माझा नवरा सुहास कॉलेजात शिकवतो. बाबा रोज संध्याकाळी रिक्षा करून नदीकाठी जाऊन बसत. शहरातल्या गोमतीत बघण्यासारखं काही नाही, काळं पाणी आणि कडेला फेस. पण बाबांचं म्हणणं असायचं की ही पुढे सुधारते, आणि कैथीला गंगेला मिळते तिथे कशी दिसते ते एकदा बोटीतून बघितलं पाहिजे. जन्मभर नद्या पुलावरून बघितल्या, असं म्हणायचे.

ते जाऊ जाऊ म्हणता म्हणता त्यांची फुप्फुसं आक्रसत चालल्याचं निदान झालं. वर्षभरात नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या ज्या मशीनला ती नळी जोडलेली असते त्याला वीज लागते, आणि ते बंद झालं की बाबांचे ओठ काही मिनिटांत निळसर व्हायला लागतात. डॉक्टर म्हणाले, पुढच्या हिवाळ्याची खात्री देता येत नाही. सुहास म्हणाला, मग याच हिवाळ्यात जाऊ.

बनारसचा एक नाववाला ओळखीतून मिळाला, राजेंद्रभैया. त्याची मोठी मोटरबोट होती. वर छप्पर, आत पलंग, पंखा, ट्यूबलाइट आणि या सगळ्यासाठी इन्व्हर्टर. एका दिवसाचं भाडं आमच्या दोघांच्या पुण्याच्या रेल्वे तिकिटांपेक्षा थोडं जास्त होतं. मशीन किती वीज खातं ते मी त्याला फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, टूरिस्ट लोग फ्रिज चलाते हैं मैडम, आप चिंता मत कीजिए. शिवाय इंजिन चालू असलं की बॅटऱ्या आपोआप चार्ज होत राहतात, हेही त्याने सांगितलं. सोबत आम्ही एक लहान ऑक्सिजन सिलिंडर घेतला, अडीअडचणीला.

तेव्हा फैजाबाद रोडवर मेट्रोचे खांब उभे राहत होते, त्यामुळे घरापासून शहराबाहेर पडायलाच खूप वेळ गेला. पुढे सुलतानपूरचा रस्ताही रुंद करायचं काम चालू होतं. सगळीकडे धूळ होती, म्हणून बाबांसाठी काचा बंद ठेवल्या. मशीन गाडीच्या बॅटरीवर व्यवस्थित चालत होतं. सुलतानपूरला गोमती दिसली तेव्हा बाबांनी गाडी हळू करायला लावली. जौनपूरला जुन्या पुलाजवळ थांबून आम्ही गरम इमरती खाल्ली. या रस्त्याने जाणाऱ्यांनी ती चुकवू नये, आपल्या जिलबीपेक्षा जाड असते आणि उडदाच्या डाळीची असते. बाबांनी अर्धी खाल्ली आणि पाण्याकडे बघून म्हणाले, "बघ शुभा, रंग बदलला की नाही?" मला फारसा बदललेला वाटला नाही, पण मी हो म्हटलं.

संध्याकाळी बनारसला पोचल्यावर आम्ही आधी घाटावर जाऊन मशीन बोटीच्या इन्व्हर्टरला लावून बघितलं. चहा पिऊन होईपर्यंत ते छान चाललं. राजेंद्रभैयाने माझ्याकडे बघून हात जोडले, म्हणजे आता तरी पटलं ना. बोट आम्हाला सकाळी घेऊन निघणार, दुपारपर्यंत कैथीला पोचवणार आणि आमचा ड्रायव्हर गाडी घेऊन रस्त्याने तिथे येणार, असं ठरलं. हॉटेलात बाबा पलंगावर बसून सुहासला गंगेच्या पुलांबद्दल सांगत राहिले. कितीतरी महिन्यांनी ते इतकं बोलले होते.

सकाळी धुकं पडलं. समोरची बोटसुद्धा दिसत नव्हती. बाबांना खुर्चीत बसवून बोटीवर आणलं होतं, त्यामुळे उतरायचं म्हणजे पुन्हा सगळी उचलाउचल. आम्ही तिथेच थांबलो. मशीन बॅटरीवर चालू होतं आणि इंजिन बंद. धुकं विरून बोट सुटली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

त्यानंतरचा थोडा वेळ खरोखर सुंदर होता. घाट मागे पडले, मोठा रेल्वेपूल डोक्यावरून गेला. बाबा मान वर करून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग दोन्ही काठांना मोहरीची शेतं, वाळूवर पालथ्या घातलेल्या नावा, पाण्यात उभ्या म्हशी. राजेंद्रभैयाच्या बायकोने डब्यात मटारची घुगनी, आपल्या उसळीसारखी, दिली होती. बाबा खात होते, तेवढ्यात छपरावर जाणाऱ्या जिन्याखालच्या इन्व्हर्टरमधून पीं पीं आवाज सुरू झाला.

राजेंद्रभैया म्हणाला, कभी-कभी बोलता है, चुप हो जाएगा. पण बाबांनी ताटली खाली ठेवली. आवाज ऐकूनच त्यांना कळलं होतं. त्यांनी विचारलं, इंजिन से चार्जिंग आ रही है? मग हळूहळू सगळं बाहेर आलं. इंजिनाचा डायनॅमो दिवाळीपासून बिघडलेला होता. बॅटऱ्या घाटावरच्या दुकानातून चार्ज करून आणत होते, आणि टूरिस्ट तासाभराच्या फेरीला येत, तेवढ्यात काही अडत नसे. मला त्या माणसावर ओरडायचं होतं. पण त्याचा चेहरा इतका पडला होता की मी वळून सिलिंडर पुढे ओढला. सुहासने पंखा, दिवे, सगळ्याच्या वायरी उपटून काढल्या. तरी काही मिनिटांत मशीन थांबलं.

बोटीच्या इंजिनाचा एवढा मोठा आवाज होता, पण मला मशीनची घरघर थांबलेलीच ऐकू आली.

सुहासने नळी सिलिंडरला जोडली. बाबा म्हणाले, मला बॅटऱ्यांजवळ न्या. आम्ही नको म्हणत होतो, पण ते पलंगावरून सरकत खाली जमिनीवर बसले. बॅटरीच्या टोकांवर पांढरा हिरवट थर साचला होता. त्यांनी स्टोव्हवर पाणी गरम करायला सांगितलं, थर धुतला, राजेंद्रभैयाकडून पाना घेतला आणि तारा घट्ट करायला लागले. हेच काम त्यांनी शेकडो वेळा केलं असेल, पण आता पाना नटवर बसेना. सुहास पुढे झाला तर त्यांनी कोपराने त्याला बाजूला केलं. शेवटी नट फिरला. इन्व्हर्टर लागला, मशीनचा हिरवा दिवा लागला आणि बाबांनी वर बघितलं. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांचा चेहरा असा होता.

मशीन थोडा वेळ चाललं. मग जळका वास आला, इन्व्हर्टरमधून बारीक धूर निघाला आणि सगळं गप्प झालं. सुहासने नळी पुन्हा सिलिंडरला जोडली. बाबा मात्र पाना सोडेनात. ते बंद इन्व्हर्टरच्या झाकणाचे नट काढायला लागले. ओठांचा रंग बदलला होता. मी त्यांचा हात धरला तेव्हा ते म्हणाले, "थांब, आत फ्यूज असेल." आत नुसता जळालेला भाग होता. त्यांनी पाना राजेंद्रभैयाला परत दिला.

सिलिंडरचा काटा निम्म्याखाली आला होता. सुहासचा ड्रायव्हरला फोन लागला. तो रस्त्यातच होता आणि डाव्या काठाला समोर जे गाव दिसत होतं तिथे पटकन येऊ शकत होता. राजेंद्रभैया म्हणाला, संगम बस उस मोड़ के आगे है. सकाळपासून त्याने हे 'बस' अनेकदा म्हटलं होतं. सुहासने माझ्याकडे बघितलं. वडील माझे होते, ठरवायचं मला होतं.

"शुभा, तेवढं वळण घेऊ या," बाबा म्हणाले. "पुरेल तेवढा ऑक्सिजन."

"नाही पुरणार, बाबा."

"मग नाही पुरू दे."

ते शांतपणे म्हणाले होते. मला रडू आलं आणि मी राजेंद्रभैयाला बोट काठाला लावायला सांगितली. बाबांनी वाद घातला नाही. नुसतं तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं.

काठ उंच होता. गावातल्या चार माणसांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं, मागून सुहास सिलिंडर आणि मी मशीन उचलून. पिठाच्या गिरणीत प्लग होता, पण गावात वीज नव्हती. गिरणीवाला म्हणाला, शाम को आएगी. एका बाईने बाबांसाठी रजई आणली, ती आम्ही परत करायला विसरलो. गाडी आली तेव्हा बाबांची मान एका बाजूला कलली होती. गाडीत मशीन सुरू झालं. बनारसच्या इस्पितळात त्यांना दाखल केलं, आणि तिथून आठवड्याने अँब्युलन्सने आम्ही लखनौला परतलो. जौनपूर, सुलतानपूर दोन्ही लागली, पण अँब्युलन्सच्या काचा दुधी होत्या.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर रस्त्याने जा. बनारसहून कैथी गाडीने तासाभरावर आहे, मंदिर आहे, चहाची दुकानं आहेत. बोटच करायची असेल तर इन्व्हर्टर घाटावर नव्हे, चालत्या बोटीत तपासा. आणि घरचं माणूस मशीनवर असेल तर कुणाच्या शब्दावर जाऊ नका. हे लिहितानाही वाटतं, इतकं सोपं होतं.

बाबा त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत होते. राजेंद्रभैयाचा फोन आला की स्वतः बोलायचे, त्याला समजावायचे की तुमची काही चूक नाही. शेजारच्यांना सांगायचे, ट्रिप चांगली झाली, मोठा पूल खालून बघितला. मला कधीच बोल लावला नाही. पण आमच्या घराला पुढे गॅलरी आहे, समोर कडुनिंब आहे, सकाळी ऊन येतं. बाबांचं सगळं सामान तिथे असायचं, पेपर, रेडिओ, चष्मा. परत आल्यावर त्यांनी ते एकेक करून आत मागवून घेतलं आणि प्लगशेजारच्या पलंगावर बसायला लागले.

एकदा मी म्हटलं, "बाबा, नळी गॅलरीपर्यंत पोचते."

"पोचते," ते म्हणाले. "माहीत आहे मला."

आणि भिंतीकडे कुशीवर वळले.