दोघांचा एकच पत्ता

नेटवर्क दुरुस्तीच्या कामाला लागून मला दोनच महिने झाले होते, तेव्हा वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामातून तक्रार आली. मी हुडकेश्वरहून स्कूटीने पोचले. तिथल्या काकू पंचावन्नच्या घरातल्या. मालाच्या बिल्ट्या, म्हणजे पाठवणीच्या पावत्या, हाताने लिहिण्यात त्यांची हयात गेलेली. संगणक वर्षभरापूर्वी शिकल्या. आठवडाभर त्यांचं एकटीचं इंटरनेट मधूनमधून बंद पडत होतं.

"यांच्याच हातून काहीतरी दाबलं जाते," मॅनेजर त्यांच्यादेखत म्हणाले. "सोमवारपासून दुसऱ्याले बसवतो."

ते गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "म्या काहीच नाही केलं वं पोरी. आता तर माउसले हात लावाचंही भेव वाटते."

खरं सांगायचं तर मलाही आधी त्यांचाच संशय आला होता.

पण बिघाड खालून वर शोधत जायचा, असं आम्हाला शिकवलेलं. नेटवर्क थराथरांचं असतं. सर्वांत खाली वायर, त्यावर यंत्रांचे पत्ते, त्यावर निरोपांची ने-आण, आणि सगळ्यांत वर पडद्यावरचा प्रोग्राम. बिघाड खालच्या थरात असला तरी जाणवतो वर, आणि बोल लागतो तिथे बसलेल्या माणसाला.

वायर बदलली. फरक नाही. मग काकूंची वायर काढून ठेवली आणि शेजारच्या संगणकावरून त्यांच्या संगणकाच्या पत्त्यावर हाक मारली, म्हणजे चाचणीचा निरोप पाठवला. उत्तर यायला नको होतं. आलं!

"काकू, तुमचं मशीन तर नेटवर्कपासून तोडलंय. मग उत्तर कोण देतंय?"

त्या खुर्ची ओढून जवळ आल्या. "तो नवा प्रिंटर लागला ना, तेव्हापासूनच बिघडलं. मी सांगतलं होतं. कोणी ऐकलंच नाही."

प्रिंटर बंद केला, उत्तर थांबलं. बसवणाऱ्याने त्याला काकूंच्याच संगणकाचा पत्ता दिला होता; त्यामुळे काकूंचे निरोप कधी त्यांच्याकडे यायचे, कधी प्रिंटरकडे जायचे. मी प्रिंटरचा पत्ता बदलला. काकूंनी स्वतः एक बिल्टी भरली; ती विनाअडथळा गेली.

मॅनेजरना बोलावून मी सगळं दाखवलं. "बिघाडाचं कारण काकूंनीच ओळखलं," असं मी म्हणाले आणि कामाच्या अहवालातही तसंच लिहिलं. मॅनेजरनी माफी मागितली नाही. "बरं, मग राहू द्या यांनाच," एवढंच पुटपुटले.

काकूंनी डोळे पुसले, ड्रॉवरमधून वही काढली. "तो पत्ता कुठं पाहाचा, ते मले लिहून दे."

लिहून दिलं नाही. मी शेजारी बसले, आणि त्यांच्याकडूनच तीनदा करून घेतलं.