पोटाले कान लावणारी माय

मंडळी, अमरावतीच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीच्या खोलीत मी आया आहो. आज चांदूर बाजारची एक पोरगी आली. सकाळपासून तिच्या पोटातलं बाळ हाललंच नव्हतं. सासू उशाशी बडबडून राहिली होती, "कावून बसली गाडीवर? सांगतलं होतं ना तुले!"

डॉक्टरीणबाईनं मशीन लावली. मी सासूवर खेकसली, "ओ बाई, चूप बसा! लेकराले बोलू द्या!"

अन् मीच दचकली. हे तर माह्या मायचं बोलणं. माय गावची सुईण होती. पोटाले कान लावला, की शेजारचं जातंबी थांबवाले लावे.

तेवढ्यात ठोके ऐकू आले, धकधक धकधक. पोरगी रडली. सासूबी रडली.

माय जाऊन लय वर्षं झाली. तुमची माय बोलते काय कधी तुमच्या तोंडून?