घरच्या गाठीत हात

करीमभाई गेल्याची बातमी आणि रुईची मागणी माझ्याकडे एकदमच आली. त्याचा दाढीवाला पुतण्या वखारीच्या दारात उभा राहून म्हणाला, "चाचा गेले. कफनाले रुई पायजे. तुमच्याच वखारीतली आणजा, असं सांगून ठेवलं व्हतं त्यायनं." अकोल्यात रुईच्या वखारी काय कमी आहेत? कुठलं पोतं द्यावं या विचारात मी पडलो आणि मित्र गेल्याचं दुःख करायचं राहूनच गेलं...

त्याला महिना होत आला. करीमभाई अमरावतीचा पारखी. रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, तुटल्या टोकाकडे बघायचा आणि माल मोर्शीकडचा की दर्यापूरकडचा ते सांगायचा. वरून कोरडी दिसणारी रुई वजन वाढवायला आतून पाणी मारलेली असते, म्हणून गाठ बांधण्याआधी तो कोपरापर्यंत हात घालून बघे आणि मगच गाठीवर गेरूचा पंजा उमटवे. तो पंजा दिसला की मुंबईचा व्यापारीसुद्धा गाठ उघडायला लावत नसे. मात्र दोस्ताच्या मालात तो हात घालत नसे. "घरच्या गाठीत काहून हात घालाचा?" म्हणे. आम्ही दोघं त्याच्या अब्बांच्या हाताखाली एकत्र शिकलो होतो, म्हणजे मी घरचाच होतो.

मग अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या वऱ्हाडात सोन्याचा धूर निघू लागला. मी रुईवर पाणी मारू लागलो. सगळेच मारत होते, असं मी स्वतःला अजूनही सांगतो. विलायतेत वऱ्हाडच्या मालाचं नाव खराब झालं, तेव्हा मुंबईच्या एका व्यापाऱ्याने ठरवलं की मालाबरोबर आता पंजेवालाच पाठवायचा. विहिरीपलीकडे पाणी न पाहिलेला करीमभाई हरखून गेला. निघायच्या आधी माझ्या गाठींवर भराभर पंजे उमटवत म्हणाला, "तिथं पयली तुहीच गाठ उघडाले लावतो, पाह्य." मी हसलो. तेव्हाच तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही.

पुढचं मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. आफ्रिकेला वळसा घालून जहाज चार महिने चाललं. उलट्यांनी त्याचं चिपाड झालं, पाय सुजले. शेवटच्या बंदरात घालायचा म्हणून एक पांढराशुभ्र अंगरखा मात्र त्याने गाठोड्यात तसाच घडी करून ठेवला होता. लिव्हरपूल दिसलं तेव्हा तो अंगात चढवला. धक्क्यावर त्याने आपल्या बोटाने माझी गाठ दाखवली. ती कापली... आत काळी पडलेली, सडून घाण मारणारी रुई. एका गोऱ्याने त्याचं मनगट धरलं आणि नव्या बाहीसकट हात कोपरापर्यंत त्या चिखलात कोंबला. हमाल पोट धरधरून हसले. मग पंजा असलेली प्रत्येक गाठ, चांगलीसुद्धा, बाजूला फेकली गेली.

परत आला तेव्हा अमरावतीत त्याला कुणी उभं करीना. पंजेवाला पैसे खाऊन निशाणी मारतो, एवढंच सगळ्यांना कळलं होतं. गाठ कुणाची, हे त्याने कधीच सांगितलं नाही. उलट बिऱ्हाड हलवून अकोल्याला माझ्या वखारीसमोरच्या गल्लीत आला आणि मला म्हणाला, "बाजारात एकदा सांग, पाणी म्या मारलं, करीमले ठाऊक नोतं म्हून. बाकी मले काई नोको."

"सांगतो ना लेका," मी म्हणालो.

तीन वर्षं दर बाजाराच्या दिवशी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. आधी विचारायचा, नंतर विचारणंही सोडलं. मी पान द्यायचो, तो घ्यायचा. सांगितलं तर माझ्या वखारीला कुलूप लागेल, हे त्यालाही कळत असणार. माझी वखार चांगली चालली होती.

पुतण्या बातमी घेऊन आला त्या दिवशी मी पोतं निवडलं, स्वतः तीनदा हात घालून पाहिलं आणि त्याच्या दारात नेऊन ठेवलं. मयतीला निम्मा बाजार जमला होता. पडद्याआडून भाभींचा, म्हणजे करीमभाईच्या बायकोचा, हात बाहेर आला आणि सगळ्यांच्या देखत सरळ पोत्यात शिरला, कोपरापर्यंत. मग दोन्ही अंगठ्यांत पुंजका धरून त्यांनी ओढला, अगदी त्याच्यासारखा.

"वाईट नोका मानू भाऊ," त्या आतून म्हणाल्या. "जाताजाता म्हणे, तो आता घरचा नाई रायला, माल पाहून घेजो."

मी खाली बघत होतो.

"कोरडी हाये," त्या म्हणाल्या आणि पोतं आत गेलं.

पाणी मी मारलं होतं. करीमभाईला ठाऊक नव्हतं. हे त्या दारात, निम्म्या बाजारासमोर सांगता आलं असतं. आता लिहितोय, त्याला ऐकू येणार नाही तेव्हा. पुतण्याने रिकामं पोतं दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. ते वखारीत खुंटीला टांगलंय. सकाळी कुलूप काढलं की मी त्यात कोपरापर्यंत हात घालतो. आत काही नसतं, तरी घालतो.