वकील आमचा आम्ही बघू

तमाम लोकांस, त्यातही आणे पठारापासून मंचरच्या एसटी स्टँडपर्यंत राहणाऱ्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं घर घ्यायला निघालेल्या सर्व गरीब, मध्यम व उगाच घाबरट मंडळींस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, जो माणूस तुम्हाला घर विकतो, त्याचा वकील हा तुमचा वकील नसतो. याबाबत कोणाची हरकत असल्यास त्याने ती स्वतःजवळच ठेवावी. मी वीसेक वर्षांपूर्वी सगळ्या हरकती ऐकून घेतल्या आहेत.

तेव्हा आम्ही मंचरला भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. नवरा साखर कारखान्यात हंगामी फिटर, मी घरी ब्लाउज शिवायचे. घरमालकाला दिवाळीनंतर खोली रिकामी हवी होती, मुलाचं लग्न होतं. गावाबाहेर एक तीनमजली इमारत उठत होती आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आम्हाला परवडण्यासारख्या होत्या. परवडण्यासारख्या म्हणजे एकदाच. अकरा वर्षांची शिल्लक आणि माझ्या पाटल्या त्यात जाणार होत्या. चुकलो असतो तर दुसरा डाव नव्हता.

बिल्डरचं ऑफिस थंडगार होतं. त्यानं आमच्यापुढे चहा ठेवला, बिस्किटं ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही फक्त वास्तुशांतीची साडी बघा. वकील आपला, इंजिनिअर आपला, कर्जाचे साहेब आपले. तुम्हाला कुठं जायलाच नको."

"आणि आमचं कोण?" मी विचारलं.

"आम्हीच की तुमचे," तो म्हणाला आणि खूप हसला. नवराही हसला. मी बिस्किट खाल्लं, कारण बिस्किटाचा काही दोष नव्हता.

सासरे आण्याला असत. जन्मभर बेल्ह्याच्या बाजारात बैल घेतलेला माणूस. त्यांना ही बातमी सांगितली, तेव्हा ते खाटेवर उठून बसले. "पोरी," ते म्हणाले, "बैल इकणाऱ्याच्याच दलालाला दात बघायला लावत्यात व्हय? आपला माणूस न्यायचा. त्यानं बैल चालवून बघायचा, बसवून उठवून बघायचा. आन घेऊ नगा म्हनायची ज्याची छाती न्हाई, तो माणूस बाजाराला न्यायचाच न्हाई."

"मामा, वकिलाला बसवून उठवून कसं बघायचं?"

"मी येतो," ते म्हणाले.

आणि ते खरंच आले. स्वच्छ धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल. आम्ही दोघं घोडेगावच्या कोर्टाच्या आवारात वकील बघायला निघालो, तेव्हा मला हसू आवरेना. पहिल्या वकिलाच्या भिंतीवर आमच्याच बिल्डरचं कॅलेंडर होतं, गणपतीच्या चित्राचं. सासऱ्यांनी गणपतीला नमस्कार केला आणि मागे वळले. दुसऱ्या वकिलानं कागदांना हातही लावला नाही. "सगळे घेतायत की तिथं, बघायचं काय त्यात?" तो म्हणाला. सासरे बाहेर येऊन म्हणाले, "ह्यो दात न मोजताच वय सांगतोय."

तिसरी एक तरुण वकीलबाई. पत्र्याच्या शेडमध्ये टेबल, एक पाय आखूड म्हणून त्याखाली विटेचा तुकडा. सासऱ्यांनी उभ्यानंच विचारलं, "बाई, कुणाला घर घेऊ नगा म्हनलात का कधी?"

"गेल्याच महिन्यात दोघांना," ती म्हणाली. "त्यातला एक अजून माझ्याशी बोलत नाही."

सासरे बसले. वकील ठरली.

इंजिनिअरची फी आम्हाला झेपणारी नव्हती. म्हणून सासऱ्यांनी आण्याचा एक म्हातारा गवंडी आणला. त्यानं खांब ठोकले, भिंतींना ओळंबा लावला, न्हाणीत तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठं जातंय हे बघत बसला. "काम बरं हाय," तो म्हणाला, "पर न्हाणीचा उतार उलटा हाय. पाणी घरात येऊन बसंल, पावण्यावानी." बिल्डरच्या इंजिनिअरला हे सांगितल्यावर तो म्हणाला की नकाशात उतार बरोबर आहे. मी म्हणाले, मग आंघोळ नकाशातच करू.

आठ दिवसांनी वकीलबाईनं आम्हाला बोलावलं. टेबलावर त्या जमिनीचा सातबारा उलगडून ठेवला होता. जमीन दोन भावांची, बिल्डरनं त्यांच्याकडून घेतलेली. त्यांच्या नावांखाली, 'इतर हक्क' या रकान्यात, एका बाईचं नाव होतं. भावांची बहीण. बत्तीस वर्षांपूर्वी बाप गेल्यावर वारस म्हणून लागलेली.

"हिची कुठल्याच कागदावर सही नाही," वकीलबाई म्हणाली. "उद्या ही कोर्टात उभी राहिली तर तुमच्या खोल्यांखालच्या जमिनीत तिचा हिस्सा. तोवर घेऊ नका."

आम्ही बिल्डरकडे गेलो. त्यानं या वेळी चहा मागवला नाही. "वहिनी, बहीण आहे ती. बहिणीचं नाव इतर हक्कात असतंच, सगळ्या गावाच्या उताऱ्यांवर आहे. बहिणी कधी काय मागत नसतात."

खरं होतं ते. माझं स्वतःचं नाव माहेरच्या उताऱ्यावर त्याच रकान्यात आहे. मला ते कुणी कधी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. त्या क्षणी मला जो राग आला, तो सगळा त्या दोन खोल्यांचा नव्हता.

"परवापर्यंत सही करा," बिल्डर म्हणाला, "नाहीतर फ्लॅट दुसऱ्याला."

"द्या दुसऱ्याला," मी म्हणाले. "पण त्यालाही हा रकाना आम्ही दाखवू."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "दिवाळीनंतर कुठं राहायचं?" इमारतीत नावं नोंदवलेली बाकीची घरं मला ठाऊक होती, त्यातल्या निम्म्या बायकांची ब्लाउजं मीच शिवत होते. आठवडाभर मी मापं घेता घेता सातबारा समजावला. टेप गळ्यात, टाचण्या तोंडात. एक जण म्हणाली, "तुला लई कायदा कळायला लागला गं." दुसरी म्हणाली, "तुझ्यापायी आमचं घर अडलं तर शिलाई देणार न्हाई." तिनं दिलीही नाही. पण तिघींच्या नवऱ्यांनी सह्या थांबवल्या.

मग मी एक गोष्ट केली, जी करायला मला कुठल्याच वकिलानं सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी बाजारातून पत्ता काढून दिला, तो घेऊन एसटीनं बेल्ह्याला गेले, तिथून टेम्पोनं त्या बहिणीच्या सासरी. साठीची बाई, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, "तुमच्या बापाच्या जमिनीवर इमारत झालीय, तुमची सही कुणी मागितली का?"

ती शेंगा फोडतच राहिली. "माझी?" ती म्हणाली. "जमीन इकली व्हय?"

पुढचा महिनाभर काय काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. ती भावांच्या दारात गेली. भाऊ बिल्डरकडे गेले. बिल्डर तिच्याकडे गेला, मिठाई घेऊन. तिनं मिठाई ठेवून घेतली आणि तिचा हिस्सा मागितला. तो मिळेपर्यंत ती हलली नाही, आणि इकडे आमच्या चौघांच्या सह्याही. दिवाळी झाली. घरमालकानं आम्हाला राहू देऊन नवरदेवाची खोली कशीबशी माडीवर बसवली आणि मला रोज टोमणे मारले. तेही मी जमा करून ठेवले आहेत, पण इथे जागा नाही.

अखेर तिला हिस्स्याचे पैसे मिळाले आणि तिच्या हक्कसोडीची नोंदणी ठरली. वकीलबाईनं आम्हालाही बोलावलं, "डोळ्यांनी बघा, मगच तुमचं खरेदीखत." निबंधक कार्यालयात ही गर्दी. दोन्ही भाऊ खाली मान घालून बाकावर, बिल्डर रुमालानं मान पुसत उभा. न्हाणीचा उतारही तोवर त्यानं फोडून सरळ करून दिला होता. म्हातारी नव्या लुगड्यात टेबलापाशी गेली. साहेबांनी कागद वाचून दाखवला आणि ठरलेला प्रश्न विचारला, "आजी, ही सही तुम्ही राजीखुशीनं करताय ना? कुणाचा दबाव नाही ना?"

तिनं शाई लावलेला अंगठा तसाच हवेत धरला, बाकाकडे बघितलं आणि सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "राजीखुशी कसली, साहेब? सख्ख्या भावांनी बत्तीस वरसांत इचारलं न्हाई, ही परकी बाई एसटीनं इचारायला आली, म्हणून अंगठा देते."