मधल्या सुट्टीपुरतं कुलूप

मुली तिला किल्लीमावशी म्हणायच्या. शाळेत शिपाईण म्हणून तिची एकोणीस वर्षं झाली होती. कमरेला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या, पण तिच्या मर्जीने एकही दार उघडत नसे.

त्या वर्षी मुलींच्या स्वच्छतागृहात कुणीतरी पॅड टाकलं, पाइप तुंबला आणि घाण पाणी खालच्या शिक्षकांच्या खोलीत उतरलं. मोठ्या बाईंनी हुकूम काढला, की यापुढे कुलूप फक्त मधल्या सुट्टीत उघडायचं, वीस मिनिटं. आत झाकणाचा एक डबा ठेवा, असं मावशी आधी दोनदा सांगून चुकली होती. ते दिसायला बरं दिसत नाही, असं उत्तर मिळालं होतं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, तेव्हा तिसऱ्यांदा सांगायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

एका मंगळवारी दुसऱ्या तासाला आठवीतली एक मुलगी तिच्याकडे आली आणि हळूच किल्ली मागू लागली. नेमक्या मोठ्या बाई समोरून येत होत्या. मावशी म्हणाली, "सुट्टीत ये." मुलगी परत गेली.

शाळा सुटल्यावर मावशी वर्ग झाडायला आली, तर तीच मुलगी शेवटच्या बाकावर एकटी बसलेली. मावशीने तिला उठायला सांगितलं, तर ती जागची हलेना.

"मावशी, तुम्ही आधी जा ना," ती म्हणाली.

मावशीच्या सगळं ध्यानात आलं. सुट्टीत रांग एवढी होती, की मुलीचा नंबर लागण्याआधीच घंटा झाली होती. सकाळी घरून लावलेल्या पॅडवरच ती दुपारभर पाय आवळून बसली होती. आणि 'सुट्टीत ये' हे मावशीचेच शब्द होते.

कुलूप उघडून तिने मुलीला साबण दिला, आपल्या पिशवीतलं पॅड दिलं, आणि डाग पडलेला स्कर्ट गार पाण्याने धुऊन घेतला. गरम पाण्याने डाग पक्का होतो, असं सांगत ती पिळत होती. आतून मुलीने विचारलं, "माझ्या अंगात काही बिघाड आहे का? सगळं चुरचुरतंय."

याच वयात मावशीनेही हेच मनाशी धरलं होतं. घरात कुणाला दिसू नये म्हणून पाळीच्या कापडाची घडी गादीखाली वाळवायची, ती कायम दमट राहायची. मांड्या सोलवटल्या, गळवं आली, ताप आला. दवाखान्यातल्या नर्सने 'कापड कुठं वाळवतेस?' असं विचारेपर्यंत ती सडक्या अंगाची म्हणून स्वतःलाच कोसत होती.

"बिघाड अंगात नाही, ओलं तसंच ठेवण्यात आहे," ती म्हणाली. मग समजावलं, की रक्त वाईट नसतं, दर महिन्याला यायचंच. चार-पाच तासांनी बदलायचं, कापड वापरलं तर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवायचं, पॅड कागदात गुंडाळून टाकायचं. खाज किंवा वास राहिला, तर लाजायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी तिने कुलूप लावलंच नाही. दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. नोकरी जाणार, असं समजूनच ती आत गेली. किल्ली टेबलावर ठेवून म्हणाली, "ही तुम्ही ठेवा, बाई. मुलींना परत पाठवायचं काम माझ्याच्याने होणार नाही."

नोकरी गेली नाही, पण तिला फाटकावर पाठवलं. किल्ली मोठ्या बाईंकडे राहिली आणि मुली त्यांच्याच दारात उभ्या राहू लागल्या. दर तासाला टकटक. आठ दिवसांत बाई जेरीस आल्या. दार दिवसभर उघडं राहू लागलं, आत झाकणाचा डबाही आला.

मावशी मात्र फाटकावरच राहिली. तिची पाळी आताशा वेळीअवेळी यायची. बदलीला माणूस नव्हता, फाटक सोडून हलायचं नाही असा हुकूम होता. ती भिंतीला टेकून उभी राही, शाळा सुटायची वाट बघत.