भोंग्यावरची हाळी

ती घटना मनातून काढायची म्हटली तरी निघत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दौंडच्या रेल्वेरुळावरची प्रेतं हातानं उचलली. त्यातलं बरंचसं विसरलो. पण भर उन्हात माळावर ऐकलेला तो आवाज अजून कानातून गेला नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन घरी बसलो. लिहिण्यात चुका दिसल्या तर सोडून द्या. नाव कुणाचंच घेणार नाही. ज्यांचं दुःख त्यांना ठाऊक आहे.

लोकसभेची निवडणूक होती. दोन मोठ्या बाजू एकमेकींच्या उरावर बसलेल्या. एका घरात बाप इकडं तर पोरगा तिकडं. ठाण्यात रोज तीच रड, ह्यानं आमचा बॅनर फाडला, त्यानं आमच्या सभेची वीज तोडली. सगळ्यांच्या रजा बंद. त्या गर्दीत एक अपक्ष उमेदवार होता. चाळिशीचा, उंच, वाळलेला, डोळे खोल गेलेले. राहणारा नदीपलीकडचा, शिरूर तालुक्यातला. म्हणजे त्याचं मत शिरूरच्या मतदारसंघात, आणि हा उभा राहिला दौंड ज्या मतदारसंघात येतं तिथं. कायद्याला ते चालतं. पण जिथं स्वतःचं मतसुद्धा स्वतःला टाकता येत नाही, तिथं माणूस कशाला उभा राहील?

पहिली खबर भांडगावाकडच्या एका पोलीस पाटलाची आली. फोन मीच घेतला होता.

"मामा, तुमचा अपक्ष माळावर मेंढरांपुढं भाषण करतोय. मेंढरं बी ऐकंनात त्याचं."

आम्ही हसलो. पण दोन दिवसांत हसणं थांबलं. कारण तसलीच खबर केडगावातून आली, मग आणखी तीन-चार गावांतून. पिकअप गाडी, वर भोंगा, चालवणारा तोच आणि बोलणाराही तोच. गावात शिरायचा नाही. चौकात थांबायचा नाही. शिवारात, पाणवठ्याजवळ, जिथं माणूस नाही अशा ठिकाणी गाडी उभी करायचा आणि भोंग्यावर नुसता आवाज काढायचा. भाषण नाही, घोषणा नाही, मत द्या म्हणणं नाही. मग गप उभा राहून वाट बघायचा आणि निघून जायचा. केडगावच्या स्टेशनाबाहेर चहावाला मला म्हणाला की तो गेलेल्या माणसांना बोलावतो. बाया गाडीचा आवाज आला की पोरं घरात घ्यायला लागल्या. दोन्ही मोठ्या बाजूंनी लेखी तक्रार दिली, की हा समोरच्यानं आमची मतं खायला सोडलेला आहे आणि करणी करत फिरतोय.

साहेबांनी मला त्याच्या मागं लावलं. म्हणाले, मामा, तुम्ही जुने आहात, ह्याचं डोकं फिरलंय की कुणी फिरवलंय ते बघा.

मी मोटरसायकलवर मागं राहिलो. एका मोकळ्या माळावर त्यानं गाडी थांबवली. ऊन असं की समोरचं रान हलल्यासारखं दिसत होतं. लांब एक कळप चरत होता. त्यानं माईक तोंडाजवळ घेतला आणि आवाज आला. आधी घशातून निघालेली लांब हुर्रऽऽ, मग याऽ याऽ याऽ, आणि शेवटी टाळूला जीभ मारून तीन टिचक्या. भोंग्यातून तो आवाज माळभर पसरला, पलीकडच्या टेकाडाला लागून परत आला. परत आलेला आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.

माझ्या अंगावर काटा आला, पण कारण वेगळं होतं. माझा बाप मेंढरं राखायचा. ही करणीबिरणी काही नव्हती. ही हाळी होती, मेंढरांना बोलवायची. प्रत्येक घराची हाळी वेगळी असते. बापाची पोरगा उचलतो. मेंढरं त्या एका हाळीला येतात, दुसऱ्याच्या हाळीला मान वर करत नाहीत. समोरच्या कळपानंही केली नाही. तो गाडीच्या टपावर चढला, कपाळावर हात धरून बघत राहिला. मग खाली उतरला, जसं काही झालंच नाही.

मी जवळ गेलो.

"पाव्हणं, मेंढरं कुणाची बोलावताय?"

"मत मागत न्हाई म्हणून कलम हाय का कंचं?"

"कलम नाही. चिन्ह काय तुमचं?"

त्यानं वळून गाडीवरचा फलक बघितला, तेव्हा सांगितलं. "बादली."

उमेदवाराला हात लावायचा म्हणजे वर उत्तर द्यावं लागतं. म्हणून चौकशीपुरता ठाण्यात आणला. साहेबांनी विचारलं, धमकावलं, समजावलं. तो एकच सांगायचा, परवानगी हाय, गाडीचा पास हाय, वेळेत भोंगा लावतो. साहेब कंटाळून बंदोबस्ताला गेले. मी त्याला ठाण्यामागच्या लिंबाखाली बसवला, पाणी दिलं. आणि काही न विचारता माझ्या बापाची हाळी दिली. कितीतरी वर्षांनी दिली. माझंच मला बरं वाटलं नाही.

त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तुमच्यात शेवटाला टिचक्या न्हाईत," तो म्हणाला.

"नाहीत."

"आमच्यात हायत. माझ्या बापाची हाय ती. मी आन् धाकटा, दोघंच देतो."

मग सगळं बाहेर पडलं. धाकटा भाऊ दिवाळीनंतर कळप घेऊन नदी ओलांडून दौंडच्या बाजूला आला होता. बायकोला फोन केला, की इकडं एकाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतोय. त्यानंतर फोन बंद. माणूस नाही, मेंढरं नाहीत, कुत्रं नाही. नदीपलीकडच्या ठाण्यात बेपत्ता नोंद झाली, तपासही झाला, हाती काही लागलं नाही. लोक म्हणायला लागले, मेंढरं विकून पळाला असेल. भावजय दारात बसून राहिली. कुंकू ठेवावं की पुसावं, हे तिला कुणी सांगेना.

थोरला शोधायला निघाला. दुसऱ्याच्या कळपाजवळ अनोळखी माणूस हाळी देतोय म्हटल्यावर मेंढरं चोरायला आला म्हणून एका गावात बेदम मार खाल्ला.

"उमेदवाराला कुणी मारत न्हाई, मामा," तो म्हणाला. "च्या पाजत्यात. भोंगा बी मिळतो. न्हाईतर मला कुणी दिला असता भोंगा?"

"ठाण्यात का नाही सांगितलंस?"

"ज्याच्याकडं मेंढरं हायत त्याला कळलं, तर तो एका दिसात इकून काढंल. मेंढरं गेली तर माझा भाऊ गेला. दुसरं काय हाय माझ्याकडं त्याचं?"

प्रचार संपला की भोंगा बंद. म्हणजे उरलेल्या थोड्या दिवसांत मेंढरं सापडली तर सापडली. मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्याला फिरू द्या, लक्ष ठेवा.

आता पोलिसाची एक गोष्ट सांगतो. ज्याला त्रास होतो तो एकदा तक्रार करतो, शिव्या देतो आणि कामाला लागतो. त्या गाडीबद्दल तक्रार करणारे सगळे तसेच होते, एक सोडून. कुरकुंभच्या बाजूचा, मेंढरांचा व्यापार करणारा. तो रोज ठाण्यात यायचा. कपडे स्वच्छ, बोलणं गोड. म्हणायचा, त्याची परवानगी रद्द करा, आमच्या बाजूला येऊ देऊ नका, गाभण मेंढ्या बुजतात. दर खेपेला डोळे जास्त लाल. मी त्याचा जबाब घ्यायला त्याच्या वस्तीवर गेलो. हवेत कारखान्यांचा तो उग्र वास होता. चरायची वेळ, आणि मेंढरं पत्र्याच्या शेडात कोंडलेली. बाहेर माळ मोकळा पडलेला, आणि निवडणुकीच्या नाकाबंदीमुळं गाडीत घालून कुठं हलवायचीही सोय नव्हती. विकतचा चारा टाकून मेंढरं आत ठेवणारा मेंढरवाला मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"आजारी हायत," तो म्हणाला.

मी जबाब घेतला, सही घेतली, चहा घेतला आणि आलो. उमेदवाराला मी काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की कुरकुंभच्या मागच्या माळावर जाऊन झालं का. तो नाही म्हणाला.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर त्याची गाडी तिथं आली. साहेब, मी आणि दोन शिपाई आधीच आडोशाला उभे होतो. पाच वाजता भोंगा बंद व्हायचा होता. दौंडच्या रस्त्यानं मोठ्या बाजूंच्या शेवटच्या मिरवणुका चालल्या होत्या, त्यांचा गोंगाट लांबून येत होता. त्यानं पहिली हाळी दिली. शेडात मेंढरांचा ओरडा चालू होता, तो एकदम थांबला. इतकी मेंढरं एकदम गप होतात, हे मी कधी अनुभवलं नव्हतं. त्यानं दुसरी हाळी दिली. मग पत्र्यावर धडक बसली. एक, मग दुसरी, मग धडकांवर धडका. व्यापारी घरातून धावत आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. आम्हाला बघून त्याचे हात खाली आले.

शिपायानं दार उघडलं. सगळी मेंढरं बाहेर पडली नाहीत. अर्धीअधिक आत तशीच उभी राहिली, चारा खात. बाकीची मात्र एकामागं एक निघाली, गाडीपाशी गेली आणि भोंग्याखाली मान वर करून उभी राहिली. ओरडत नव्हती. बघत होती. ज्यांचा धनी महिनोन्महिने दिसला नव्हता, ती मेंढरं वर भोंग्यात त्याचं तोंड शोधत होती.

तेवढ्यात पाच वाजले. त्यानं स्वतःच माईक बंद केला.

व्यापाऱ्याला ताब्यात घेतला. मेंढरं मुद्देमाल म्हणून जप्त केली आणि ठाण्याच्या आवारात बांधली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चौकशी मला करायला सांगितली.

"विकत घेतली," तो म्हणाला. "त्यानंच विकली. कुठं गेला मला काय ठावं."

"मेंढीच्या एका कानावर मूळ धन्याची खूण असते, विकत घेणारा आपली खूण दुसऱ्या कानावर करतो. ह्यांचा जुन्या खुणेचा कानच छाटलाय."

"काट्यात फाटला असंल."

"सगळ्यांचा डावाच?"

तरी तो मोडला नाही. असली माणसं मारानं मोडत नाहीत, आणि मला मारायचंही नव्हतं. तो भिंतीकडं बघत बसला, मी त्याच्याकडं. दुपार अशीच गेली.

थोरला भाऊ मेंढरांना पाणी पाजायला आला होता. मला ते ठाऊक नव्हतं. खिडकीबाहेरून हाळी आली. भोंगा नाही, माईक नाही. माणसाचा नुसता आवाज, जवळून, हळू. हुर्रऽऽ, याऽ याऽ याऽ, आणि तीन टिचक्या.

व्यापाऱ्याच्या तोंडावरचा रंग उतरला. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"त्याला गप करा."

"कुणाला?"

"भोंग्यातला दुसरा होता. ह्यो तोच हाय. ह्यो माझ्या रानात रोज असाच बोलवायचा." मग एकदम बारीक आवाजात म्हणाला, "साहेब, मी स्वतः माती टाकली हाय त्याच्यावर. त्यो कसा काय बोलवतोय?"

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पण आरोपीनं दाखवलेल्या जागेतून जे निघतं ते टिकतं. पंच बोलावले, निवेदन लिहून घेतलं, आणि त्यानं शेडामागची मुरमाची जुनी खाण दाखवली. आधी घोंगडी निघाली. थोरल्यानं ती ओळखली, कोपऱ्याला त्याच्या भावजयीनं लावलेलं ठिगळ होतं. मग बाकीचं निघालं. त्याच्या अंगाशी कुत्र्याची हाडं होती. मेंढरांसाठी माणूस मारला, आणि कुत्रं जागचं हलेना म्हणून तेही.

थोरला रडला नाही. खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला आणि त्यानं तीच हाळी दिली, अगदी हळू. आम्ही सगळे, साहेब, पंच, खोदणारे मजूर, का कोण जाणे, तसेच थांबून राहिलो. मग मी पंचनाम्याला सुरुवात केली.

मतदान झालं. त्याला मतं पडली, वाटली होती त्यापेक्षा बरीच जास्त. बादलीला मत दिलं म्हणून सांगणारे मेंढरवाले मला पुढं कितीतरी दिवस भेटत होते. मतमोजणीला तो आला नाही. पुढं आरोपीला शिक्षा झाली.

शिक्षा झाली त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. मी सगळ्या केसेस तिला सांगायचो. साहेबांनी, वार्ताहरांनी, वकिलांनी मला खुनाबद्दल विचारलं. तिनं एकच विचारलं, "त्या मेंढरांचं काय झालं?" मी सांगितलं, कोर्टाच्या हुकमानं सुपूर्तनाम्यावर धाकट्याच्या बायकोकडं दिली. ती म्हणाली, "मग बरं."

ह्या केसनं मला काय शिकवलं, असं विचाराल तर पुष्कळ दिवस मी म्हणायचो, जो जास्त तक्रार करतो त्याच्या घरी जाऊन बघा. ते खरंच आहे. पण आता मला दुसरंच वाटतं.

बायको गेली त्याला वर्ष झालं. तिच्या दोन शेळ्या आहेत. संध्याकाळी ती ओट्यावरून हाक द्यायची आणि त्या जिथं असतील तिथून पळत यायच्या. माझ्या हाकेला येत नाहीत. दोरी घेऊन आणाव्या लागतात. मी तिच्यासारखी हाक देऊन बघितली. शेळ्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

वर्षश्राद्धाला मुलगी आली होती. संध्याकाळी मी आत खाटेवर पडलो होतो. ओट्यावरून हाक आली. तीच, तसाच शेवटाला उचललेला सूर. मी उठून बसलो, आणि माझ्या तोंडून बायकोचं नाव निघालं. बाहेर खुरांचा आवाज झाला. दारात जाऊन बघितलं तर दोन्ही शेळ्या मुलीपुढं मान वर करून उभ्या होत्या, ओरडत नव्हत्या.

तेव्हा मला त्या व्यापाऱ्याची भीती कळली, आणि त्या थोरल्याचा धीरही. मुलगी म्हणाली, "आप्पा, आत बसा की, ऊन हाय अजून." मी आत गेलो नाही. तिला म्हटलं, आणखी एकदा दे.