फुकटचं दूध

'फुकट' या शब्दावर आमच्या घरमालक काकांइतकं प्रेम अख्ख्या नागपुरात कुणी केलं नसेल. दुधाची रिकामी पिशवी विसळून ते पाणी चहात ओतत. गॅसचा एक बर्नर पेटवलेली काडी दुसऱ्यापर्यंत नेताना बोट भाजे, पण नवी काडी निघत नसे. मी आठवीत शाळा सोडलेली, लग्न होऊन कोकणातून इथं आलेली. बाळंतपणाला माहेरचं कुणी येऊ शकलं नाही. त्यामुळे बाळाला काय पाजावं हे मला काकाच समजावत, तेही जिन्यात उभं राहून, सगळ्या भाडेकरूंना ऐकू जाईल असं. "डब्याच्या दुधाले डबा लागते, बाटली लागते, बाटली उकळाले सिलिंडर लागते. आईचं दूध फुकट." मी ओढणी सावरत मान हलवी. खालून काकू म्हणत, "फुकट आहे तं तुमीच पाजा ना. ते पोरगी उपाशी राहून दूध कुठून आणन?" मग डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपात निथळणारा शिरा असं सगळं काकांच्याच स्वयंपाकघरातून वर येऊ लागलं. तुपाची बरणी तळाला गेली, तरी काकांच्या लेखी दूध फुकटच.

एवढं करूनही बाळाचं वजन वाढेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगावरचं चालू ठेवा, पण सोबत डब्याचंही द्या. मी हादरले. डब्याच्या किमतीला घाबरले की काकांना, ते आजही सांगता येणार नाही. संध्याकाळपर्यंत बातमी जिना उतरून खाली पोचली आणि काका दारात उभे. हातात डबा. मेथीची जुडीसुद्धा भाव सांगितल्याशिवाय घरात न नेणाऱ्या माणसानं त्यावरची किंमत नखानं खरवडून काढली होती.

"काहून पाहून राहिली वं? रिकामा झाला का मले वापस पाहिजे. पत्रा मजबूत आहे. फुकट नाही देऊन राहिलो."

बाळ बाळसं धरून गुबगुबीत झालं, डबा परत गेला, पुढे आम्हीही खोली बदलली. काका आता विसरतात. परवा मी पोराला घेऊन भेटायला गेले, तर मला म्हणाले, "कोण वं तू?" मी नाव सांगितलं, तरी उमगलं नाही. पण पोराला बघून उठले, फडताळातून तोच डबा काढला आणि कानाशी खुळखुळवला. आत मुरमुरे होते.

"घे गा," म्हणाले, "फुकट आहे."